तिरक्या हाताच्या सिस्टर आणि उभं ड्रिल

सिस्टरांना सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, त्यात नवल काही नव्हतं. घरात नवराही सिस्टरच म्हणायचा, त्यात मात्र होतं. त्याचं झालं असं की, लग्नाआधी हा गृहस्थ तापाने फणफणून दवाखान्यात आला, रक्त काढायच्या खोलीत बाकावर बसला, बाही वर केली, आणि सुईला नाही तर सिस्टरांना बघून जो घामाघूम झाला तो ताप उतरला तरी बरा होईना. काही ना काही निमित्त काढून रक्त द्यायला यायचा. शेवटी सिस्टरांनीच त्याला सुनावलं, ‘‘अहो, अंगात थोडं शिल्लक ठेवा. सरळ घरी येऊन मागणी घाला ना!’’ लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन आपल्या संसाराला लागली, पण तोंडात बसलेलं ‘सिस्टर’ काही सुटलं नाही. सासूबाई होत्या तोवर कपाळाला हात लावायच्या. ‘‘अरे, पाहुण्यांसमोर तरी नीट हाक मार तिला!’’ मग तो पाहुण्यांसमोर नीट, म्हणजे जास्त अदबीने, ‘‘अहो सिस्टर’’ म्हणायचा.

सिस्टरांची अख्खी नोकरी त्या एका खोलीत गेली. लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, ‘मूठ आवळा’ म्हणायचं, कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने शीर चाचपायची, स्पिरिटचा कापूस फिरवायचा, ‘तिकडे बघा’ म्हणायचं, आणि माणूस तिकडे बघेपर्यंत काम उरकायचं. हात असा हलका की लहान मुलंसुद्धा रडायची विसरत. तरीही बाजारात सिस्टर दिसल्या की निम्मे लोक नकळत कोपर झाकून घेत. माणसं उपकार विसरतात, सुई विसरत नाहीत.

नवरा होता मालट्रकांच्या वजनकाट्यावर. रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, भरलेला घ्यायचा, आणि वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. एवढी वर्षं हेच केल्यावर त्याच्या डोळ्यांतच काटा बसला. कुठलीही वस्तू बघितली की तिचं वजन त्याला कळे, आणि कळलं की ते सांगितल्यावाचून राहवत नसे. लग्नसमारंभात वधूच्या मावशीचं वजन त्यांच्या तोंडावर आणि बरोब्बर सांगितल्यापासून त्या बाजूची आमंत्रणं बंद झाली. गल्लीत त्याला काटेवाले म्हणत. आपणही काटेवालेच म्हणू, आणि वयाचा मान ठेवून अहोजाहो करू.

दोघं पाठोपाठ निवृत्त झाले. काटेवाल्यांनी घरात बसून वर्तमानपत्र वाचायचा धंदा पत्करला. सिस्टरांच्या हातांना मात्र खाज सुटली. ज्या हातांनी दिवसभर काही ना काही धरलं, टोचलं, बांधलं, ते मांडीवर गप्प बसेनात. मागच्या बाजूला काचा लावून बंद केलेली गॅलरी होती, उतरत्या छपराची, अडगळीने भरलेली. सिस्टरांनी ती झाडून काढली, एक जुनं टेबल आत सरकवलं, करवत, रंधा, पटाशी आणि हातातलं ड्रिल मशीन आणलं, आणि सुतारकाम सुरू केलं.

आणि खोटं कशाला बोला, हात चांगलाच बसला. करवतीची रेघ सरळ. रंध्याखालून लाकूड असं गुळगुळीत निघे की गाल घासावा. घोडं अडायचं ते एकाच जागी. भोक पडायचं ते तिरकं. थोडंथोडकं नाही, एका बाजूने शिरलेलं ड्रिलचं बिट दुसऱ्या बाजूला कुठून बाहेर येईल हे बिटालाही ठाऊक नसे. आणि लाकूडकामात भोक तिरकं म्हणजे पाय तिरका, पाय तिरका म्हणजे सगळी वस्तूच कलती. सिस्टरांच्या खुंट्यांवरून कपडे घसरत. सिस्टरांच्या मांडणीवर ठेवलेले कांदे सकाळपर्यंत एका टोकाला जमा होत. शेजारीण हौसेने एक छोटा चौरंग घेऊन गेली, त्यावर तिने फुलझाडाची कुंडी ठेवली, आणि आठवड्याने येऊन म्हणाली, ‘‘सिस्टर, झाड चांगलं आहे हो, पण ते रोज थोडं थोडं तुमच्या घराकडे यायला लागलंय.’’

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. नडलं ते स्टूल. सिस्टरांनी केलेली पहिली वस्तू म्हणजे ते स्टूल. काटेवाल्यांनी मोठ्या कौतुकाने हातात चहाचा कप घेऊन त्यावर बैठक मारली, ‘‘वा, सिस्टर!’’ म्हणाले, आणि ‘वा’ आणि ‘सिस्टर’ यांच्या मध्ये केव्हातरी स्टुलाचे चारही पाय चार दिशांना निघून गेले. काटेवाले जमिनीवर आले. चहा सांडला नाही, हे त्यांनी पुढे अनेकांना अभिमानाने सांगितलं. पण त्या दिवसापासून सिस्टरांच्या हातच्या कुठल्याही वस्तूवर ते बसले नाहीत. तोंडाने एक शब्द वावगा नाही, उलट तारीफच. नवं बाकडं झालं की ते त्याभोवती फिरत, ‘‘झकास!’’ म्हणत, त्यावर आधी वर्तमानपत्र ठेवत, मग पाण्याचा तांब्या ठेवत, मग तांब्या उचलून आपल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसत.

सिस्टरांना ते प्लास्टिक डोळ्यांसमोर नको झालं होतं. ज्या माणसाने काही दुखत नसताना आपल्यासमोर बाही वर केली, तो आता आपल्या बाकड्यावर टेकायला घाबरतो, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. बाकी कुणी बसो न बसो. याने एकदा, एकदा तरी, आपल्या हातच्या लाकडावर निवांत बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही नको होतं त्यांना.

मुळात हात तिरका का जातो, हे त्यांनी एका दुपारी शोधून काढलं. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. फळी समोर ठेवली, आणि स्वतःच्या हातांकडे परक्या माणसाच्या हातांकडे बघावं तसं बघायला लागल्या. डावा अंगठा फळीवर गेला आणि चाचपायला लागला. मग त्यांनी बघितलं तर टेबलावर कापूस होता, स्पिरिटची बाटलीही होती. ती तिथे कशाला आणली होती, त्यांनाच सांगता येईना. फळी पुसून झाली होती. मग उजव्या हाताने ड्रिल उचललं, मनगट आपोआप खाली झुकलं, बिट फळीवर जवळजवळ आडवं झालं, आणि सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, ‘‘तिकडे बघा.’’

‘‘कुणाला सांगताय?’’ दारातून काटेवाल्यांनी विचारलं.

‘‘फळीला,’’ सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी ड्रिल खाली ठेवलं.

शिरेत सुई सरळ शिरत नाही, तिरकीच शिरते. एवढी वर्षं तिरकीच शिरली होती. आता हाताला किती समजावलं तरी तो फळीतही शीरच शोधणार. सिस्टरांनी बरेच दिवस त्याला वळण लावायचा प्रयत्न केला. मनगटाला पट्टी बांधून पाहिली. डाव्या हाताने करून पाहिलं. तोही तिरका, फक्त दुसऱ्या बाजूला. शेवटी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू उभं ड्रिल मशीन घे ना. खांबाला बसवलेलं असतं ते. दांडा ओढला की बिट सरळ खाली येतं. तुझ्या हाताला काही विचारतच नाही ते.’’

सिस्टरांना वाक्य फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्या हत्यारांच्या दुकानात जायला निघाल्या. काटेवाल्यांसाठी खुर्ची करायचं त्यांच्या मनात होतं, तिच्या बैठकीची रंधलेली फळी पिशवीत घेतली. काटेवाले वजनाचं बघायला बरोबर आले.

दुकानदार मिशाळ, धिप्पाड, बोलण्यात पटाईत. गिऱ्हाईक दारात आलं की त्याची टकळी सुरू व्हायची. पण सिस्टर आत आल्या आणि त्याचा उजवा हात डाव्या कोपरावर गेला.

‘‘सिस्टर! तुम्ही... दुकानात?’’

‘‘उभं ड्रिल बघायला आलेय.’’

‘‘ड्रिल!’’ त्याच्या जिवात जीव आला. ‘‘या, या! हे बघा. नवीन माल!’’

त्याने पुढे केलं ते लालभडक, चकचकीत मशीन होतं. बटण दाबलं की टेबलावर लाल उजेडाची फुली पडायची. जिथे फुली तिथे भोक, असं दुकानदार सांगत होता. काटेवाल्यांनी एका हाताने मशीन उचललं, खाली ठेवलं, आणि तोंड वाकडं केलं. ‘‘याच्यापेक्षा आमच्याकडचा गव्हाचा डबा जड आहे.’’

सिस्टरांनी दांडा ओढला. बिट धरणारी मूठ खाली आली. ती दोन बोटांत पकडून त्यांनी हलवून पाहिली आणि नाडी बघावी तशी थोडा वेळ धरून ठेवली.

‘‘हात थरथरतो याचा.’’

‘‘नवीन आहे, सिस्टर. चालवलं की रुळेल.’’

‘‘थरथरणारा हात रुळत नाही. चालू करा बघू.’’

चालू केलं. बिटाचं टोक एका जागी फिरायचं सोडून बारीकसं वर्तुळ काढत होतं. सिस्टर हसल्या. ‘‘शीर सापडली नाही की आमच्याकडे नव्या आलेल्या मुली अशाच आजूबाजूला फिरत बसायच्या.’’ मग त्यांनी मान वर केली, दुकानदाराकडे रोखून पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘‘सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?’’

हा प्रश्न दुकानदाराने पूर्वी एकदा ऐकला होता. तेव्हा तो शुद्धीवर आला तो बाकावर आडवाच. त्याच्या कपाळावर घाम आला. ‘‘नाही. म्हणजे, चहा घेतला.’’

‘‘मग उगीच खोटं बोलू नका. चक्कर येईल.’’

त्यानंतर दुकानदार जे बोलला ते त्याच्या दुकानात त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. लाल मशीनचं टेबल पातळ आहे, जोर दिला की वाकतं, असं म्हणाला. फुलीचा दिवा पहिल्या दिवशी जिथे पडतो तिथे दुसऱ्या दिवशी पडत नाही, म्हणाला. लोक घेऊन जातात आणि परत आणतात, आणि आपण ते पुसून पुन्हा काचेत ठेवतो, हेही म्हणाला. म्हणता म्हणता खुर्चीवर बसला, आणि सिस्टरांनी त्याला पाणी दिलं.

इकडे काटेवाले गायब. बघतात तर ते मागच्या बाजूला एका पुरुषभर उंचीच्या मशीनसमोर उभे. जमिनीवर उभं राहणारं, ओतीव लोखंडाचं, खांब मांडीएवढा जाड. काटेवाल्यांनी त्याला तीन बाजूंनी न्याहाळलं होतं आणि आता ते चौथ्या बाजूला निघाले होते.

‘‘सिस्टर, हे घ्या. याला वादळ हलवणार नाही.’’

‘‘आपल्या गॅलरीत मावेल का ते? छपराला डोकं लागेल त्याचं.’’

‘‘मग छपराला भोक पाडू!’’

जो माणूस बायकोच्या बाकड्यावर बसत नव्हता तो तिच्या मशीनसाठी राहतं घर फोडायला तयार होता. सिस्टरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला हळूच तिथून बाजूला घेतलं.

कोपऱ्यात एक राखाडी मशीन होतं. टेबलावर ठेवायचं, मध्यम उंचीचं, दिसायला ओबडधोबड. दुकानदाराने त्याच्या दांड्यावर छत्री अडकवली होती आणि डोक्यावर डबा ठेवला होता. सिस्टरांनी दोन्ही उतरवलं. टेबल जाड लोखंडाचं. दांडा ओढला, मूठ धरून हलवली, जरासुद्धा हलली नाही. चालू केलं तर बिट फिरतंय की थांबलंय कळेना, इतकं टोक एका जागी. मग त्यांनी पिशवीतून बैठकीची फळी काढून टेबलावर ठेवली. हा खरा प्रश्न होता. खांब आणि बिट यांच्यात अंतर कमी असेल तर फळी खांबाला अडते आणि भोक काठावरच पडतं. फळी आत सरकली, आणखी सरकली, आणि जिथे पाय बसवायचा तिथली खूण बरोबर बिटाखाली येऊन थांबली.

‘‘हे,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘दिसायला जरा...’’ दुकानदार खुर्चीतूनच म्हणाला. खरं बोलायची त्याला सवय लागली होती.

‘‘मला काय त्याला वरात काढून न्यायचंय? हेच द्या.’’

‘‘आणि याच्याखाली हा लोखंडी स्टँड लागेल. जड मशीन आहे, साध्या टेबलाला झेपणार नाही.’’

काटेवाल्यांचा चेहरा खुलला. त्यांनी स्टँडला हात लावला, दाबून पाहिला, मान डोलावली. आणि नेमकं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘‘नको. स्टँड मी करीन.’’

दुकानदाराने काटेवाल्यांकडे पाहिलं. काटेवाल्यांनी लोखंडी स्टँडकडे पाहिलं, सासरी निघालेल्या मुलीकडे पाहावं तसं. पण बोलायची कुणाची प्राज्ञा!

परतताना बसमध्ये काटेवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘तो लोखंडी स्टँड तसा वाईट नव्हता.’’

‘‘मशीनला लोखंड, तुम्हाला प्लास्टिक,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘आणि मी लाकूडकाम करते ते कुणासाठी? कांद्यांसाठी?’’

पुढचा थांबा येईपर्यंत काटेवाले रस्त्यातल्या ट्रकांची वजनं मनातल्या मनात सांगत बसले.

मुलगी फोनवर हसून हसून बेजार झाली. ‘‘आई, अगं, तुझी भोकं तिरकी पडतात म्हणून ते मशीन. आणि ते मशीन तू तिरक्या भोकांवर उभं करणार?’’

‘‘या वेळी नाही पडणार तिरकी.’’

‘‘कशावरून?’’

‘‘या वेळी मी ठरवलंय,’’ सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठरवलं खरंच होतं. जाड लाकूड आणलं. चार पाय, वर मशीनसाठी फळी, आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, सामान ठेवायला दुसरी फळी. ही खालची फळी लाकूडवाल्याने दिली तशीच लांबलचक होती. एवढं चांगलं लाकूड कापायचं सिस्टरांच्या जिवावर आलं, म्हणून उजव्या बाजूला ती पायांच्या बाहेर भरपूर पुढे आली. ‘‘ही शेपटी कशाला?’’ काटेवाल्यांनी विचारलं. ‘‘असू दे. लागेल कधीतरी,’’ सिस्टर म्हणाल्या. घरातल्या निम्म्या वस्तू याच उत्तरावर तगून असतात.

भोकं पाडायच्या दिवशी तर युद्धाची तयारी. कापूस आणि स्पिरिट कपाटात कुलूपबंद. काटेवाले काटकोन तपासायचा गुण्या घेऊन शेजारी उभे. काटकोन कुठे ढळतो ते त्यांनी ओरडून सांगायचं. ‘‘डावीकडे! सिस्टर, डावीकडे! आता उजवीकडे! अहो, अंगठा काढा, तिथे शीर नाहीये!’’ सिस्टर घामाने निथळल्या. पण मनगट ते मनगटच. स्टँड उभा राहिला तेव्हा मजबूत होता, सुरेख घासलेला होता, आणि शेजाऱ्यांच्या दाराला कान लावून ऐकावं तसा डावीकडे कलला होता.

मशीन आलं. दोन हमालांनी ते गॅलरीत आणलं आणि स्टँड बघून थबकले.

‘‘यावर ठेवायचं?’’

‘‘हो,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘कुणी केलाय?’’

‘‘मी.’’

हमालांनी काटेवाल्यांकडे बघितलं. काटेवाल्यांनी छपराकडे बघितलं. मशीन वर चढलं. स्टँड कुरकुरला, आणखी थोडा कलला, आणि थांबला. हमालांनी लगेच हात काढले नाहीत. एकेक बोट सोडवत सोडवत शेवटी मोकळे झाले आणि पाठमोरे न होता, मशीनवर नजर ठेवून, दारापर्यंत मागे मागे गेले.

सिस्टरांनी मशीनच्या टेबलावर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा मध्ये थांबायचा सोडून तडक एका टोकाला पळाला आणि तिथे लपून बसला. मग चालू करून पाहिलं. स्टँड आधी थरथरला, मग खडखडायला लागला, आणि मग सगळं प्रकरण डावा पाय टेकत, उजवा उचलत, जागच्या जागी पावलं टाकायला लागलं. सिस्टरांनी घाईघाईने बटण बंद केलं.

काटेवाले ‘झकास’ म्हणाले नाहीत, आणि तेच सिस्टरांना सगळ्यांत जास्त लागलं. त्यांचे डोळे भरून आले.

‘‘बोलवा त्या हमालांना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लोखंडी स्टँड घेऊन या म्हणावं. माझ्या हातचं कुणाला तोलणारं नाही. तुम्हाला नाही, मशीनला नाही. तुम्ही खुर्चीही विकत आणा. लाकडी नको, लोखंडीच आणा. मी आपली कुणाचं तरी रक्त काढत बसते.’’

आता खरं म्हणजे काटेवाल्यांच्या मनासारखं झालं होतं. लोखंडी स्टँड त्यांना पहिल्यापासून हवा होता. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी त्यांनी फार कमी वेळा बघितलं होतं, आणि ते बघायला ते मुळीच तयार नव्हते. ते गडबडले. गडबडले की त्यांना एकच गोष्ट सुचत असे.

‘‘थांबा. आधी काट्यावर घेऊ,’’ ते म्हणाले. ‘‘चालू करा.’’

‘‘पडेल ते.’’

‘‘मी बघतोय ना. करा चालू.’’

मशीन पुन्हा खडखडायला लागलं. काटेवाले डोळे बारीक करून स्टँडभोवती फिरले, एका बाजूला जास्त माल भरलेल्या ट्रकभोवती फिरायचे तसेच. मान वाकडी केली, पायांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. ‘‘डाव्या अंगाला भार जास्त झालाय, बाकी काही नाही. ट्रक चांगला आहे. उजव्या अंगाला वजन टाका, जागेवर येतो की नाही बघा.’’

‘‘कसलं वजन?’’

काटेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हाताशी जड असं काही नव्हतं. स्टँड एक पाऊल पुढे आला. ‘‘अरे, अरे!’’ म्हणत काटेवाले धावले आणि विचारबिचार न करता उजवीकडच्या त्या बाहेर आलेल्या फळीवर धपकन बसले.

खडखड थांबली. स्टँड जमिनीला असा चिकटला की जणू जन्मापासून तिथेच होता. मशीन शांतपणे गुणगुणायला लागलं.

‘‘हं,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘घ्या आता भोक.’’

सिस्टरांनी डोळे पुसले. टाकाऊ लाकडाचा एक तुकडा टेबलावर ठेवला, दांडा ओढला. बिट खाली आलं, लाकडात शिरलं, भुसा उडाला, आणि पलीकडून बाहेर पडलं. त्यांनी भोकात एक दांडी खोचली आणि बाजूला गुण्या लावला. गुण्या आणि दांडी यांच्यात केसभरही फट नव्हती. त्यांनी दुसऱ्या बाजूने लावला. तिकडेही नव्हती.

‘‘सरळ आहे,’’ सिस्टर म्हणाल्या. मग ओरडल्याच, ‘‘अहो, सरळ आहे!’’

‘‘कसं काय? मशीन तर वाकडं उभं आहे.’’

सिस्टरांनी पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा अजून टोकालाच होता. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, बिटाकडे पाहिलं, आणि त्यांना उलगडा झाला. ‘‘टेबलही कललंय आणि बिटही तेवढंच कललंय. दोघं एकमेकांशी सरळ आहेत. लाकूड टेबलावर बसतं, त्याला तेवढंच पुरतं.’’

‘‘आणि जगाशी वाकडे?’’

‘‘जगाला कुठे भोक पाडायचंय मला?’’

काटेवाल्यांना हे पटलं. सिस्टरांनी लगोलग बैठकीची फळी घेतली. एका खुणेवर बिट आणलं, दांडा ओढला. दुसऱ्या खुणेवर, तिसऱ्या, चौथ्या. चारही पायांची चारही भोकं अशी सरळ की त्यांतून पलीकडचा उजेड गोल, पूर्ण दिसत होता. मशीनने हाताला काही विचारलंच नाही. सिस्टरांनी फळी छातीशी धरली. झालं होतं काम. आता मशीन बंद करावं, यांना उठायला सांगावं, म्हणून त्या वळल्या.

काटेवाले पाठ भिंतीला टेकून, एक पाय दुसऱ्यावर टाकून बसले होते. वरचा पाय मजेत हलत होता. एका हातात चष्मा होता, तो ते सदऱ्याला पुसत होते.

‘‘सिस्टर, तिकडे पेपर आहे बघा खिडकीत. तेवढा द्या ना,’’ ते म्हणाले.

बटणाकडे निघालेला सिस्टरांचा हात मागे आला. बसलेत. हे बसलेत. माझ्या फळीवर, माझ्या पायांवर, माझ्या त्या तिरक्या भोकांवर, आपल्या सगळ्या वजनानिशी बसलेत, आणि यांना पत्ताच नाही! बोलले तर उठतील. त्यांनी श्वास रोखून, पाय न वाजवता, खिडकीतला पेपर आणून त्यांच्या हातात दिला. काटेवाल्यांनी चष्मा लावला, घडी उलगडली आणि वाचायला लागले.

सिस्टरांनी मशीन बंद केलं नाही. कोपऱ्यातल्या ढिगातून एक फळी ओढली, जिचं काहीच करायचं नव्हतं, आणि तिच्यात भोक पाडलं. शेजारी दुसरं पाडलं. मग तिसरं. भोकामागून भोक, सगळी सरळ, एकाचाही काही उपयोग नाही. भुसा त्यांच्या केसांवर, काटेवाल्यांच्या पेपरवर उडत होता. फळी चाळणीसारखी झाली तेव्हा पेपरच्या मागून आवाज आला.

‘‘बरीच भोकं लागतात हो खुर्चीला. झालं का?’’

‘‘कुठलं होतंय,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘अजून खूप राहिलीत.’’

‘‘होऊ द्या सावकाश,’’ काटेवाले पान उलटत म्हणाले. ‘‘मी बसलोय.’’

सिस्टरांनी दुसरी फळी घेतली.